तिसरी फेरी बिनआवाजाची

मास्तर गाडी शिकवायचे. शिकाऊ माणसाच्या शेजारच्या सीटवर बसायचं, पायाखाली आपला स्वतःचा जादा ब्रेक ठेवायचा आणि तोंडाने अखंड चालू: क्लच दाबा, आरशात बघा, हळू सोडा, हळू म्हटलं ना मी. संध्याकाळी घरी आले तरी जीभ थांबायची नाही. बायको भाजी चिरत असली तर तिलाही सुरी कशी धरावी ते सांगायचे. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दिवसभर लोकांना "आता स्पष्ट दिसतंय का?" असं विचारून तिच्या अंगी एक प्रकारची सहनशक्ती आली होती, म्हणून घर चालत होतं.

त्यांना एकच मुलगा. अकरा वर्षांचा. घरात त्याला चिकू म्हणत. चिकू मुलांच्या फुटबॉल लीगमध्ये पुढच्या फळीत खेळायचा, आणि तो खेळायचा तेव्हा मास्तर मैदानाच्या कडेने त्याच्याबरोबर धावायचे. "उजवीकडे घे. थांब. आता सोड. आता मार." चिकू उजवीकडे घ्यायचा, थांबायचा, सोडायचा, मारायचा. हंगामाच्या दुसऱ्याच सामन्यात त्याने असा एक गोल केला, आणि मास्तर इतके खूश झाले की शेजारच्या अनोळखी माणसाला त्यांनी मिठी मारली.

हंगाम सुरू होण्याआधी पालकांची सभा झाली होती. शाळेच्या हॉलमध्ये मुलांच्याच खुर्च्या मांडलेल्या, त्यामुळे सगळे मोठे लोक गुडघे छातीशी घेऊन बसले होते. लीगच्या सचिव म्हणजे औषधांच्या दुकानाच्या मालकीणबाई. औषध कधी घ्यायचं ते सांगावं तशा सुरात त्यांनी नियम वाचले. बारा वर्षांखालचे सामने नऊ-नऊ जणांचे. मुलगे-मुली एकत्र. प्रत्येक मुलाला निदान अर्धा सामना खेळवलाच पाहिजे, मग ते मूल कसंही खेळो. कुणाला संघ बदलायचा असेल तर तिसऱ्या फेरीपर्यंत सांगायचं, त्यानंतर नाही.

"आणि यंदा एक नवीन आहे," बाई म्हणाल्या. "तिसरी फेरी शांत फेरी. त्या दिवशी मैदानाबाहेरून कुणी बोलणार नाही. पालक नाहीत, कोच पण नाहीत. हातवारेही नाहीत. चांगल्या खेळाला टाळ्या वाजवा, कुठलाही संघ असो. कुणी ओरडलं तर रेफरी एकदा समज देतील. परत ओरडलं तर फाटकाबाहेर."

मास्तर कसेबसे खुर्चीतून सुटून उभे राहिले. "म्हणजे मुलांना वाऱ्यावर सोडायचं."

"एका सामन्यापुरतं."

"बाई, मी गाडी शिकवतो. शिकाऊ माणसाला भर चौकात आणून मी तोंडाला कुलूप लावून बसलो तर काय होईल?"

"चौकात ट्रक असतात, मास्तर. इथे चौथीपाचवीची मुलं आहेत."

लोक हसले. मग हात वर करून मतं घेतली. मास्तरांनी सवयीने बायकोकडे पाहिलं, तर तिचा हात वर होता. नियमाच्या बाजूने. त्यांना वाटलं तिचा काहीतरी घोटाळा झाला.

"अगं, हे त्यांच्या बाजूचं मत चाललंय," ते कुजबुजले.

"माहितीये," ती म्हणाली आणि हात तसाच ठेवला.

तिसऱ्या फेरीच्या सकाळी सचिवबाई फाटकाशी लिमलेटच्या गोळ्यांची बरणी घेऊन उभ्या होत्या. येईल त्या पालकाच्या हातावर एकेक गोळी. "ही तोंडात ठेवा. विरघळेपर्यंत तरी निभेल." मास्तरांनी दोन घेतल्या. मैदानाच्या एका बाजूला दोरी बांधली होती, तिच्यामागे सगळे पालक, जसे काही कुणाच्या तरी परीक्षेच्या वर्गाबाहेर. कोचची स्वतःची बेकरी होती, भल्या पहाटेपासून तो भट्टीसमोर असायचा. आज ओरडायचं नाही म्हणून तो बाकावर बसून चक्क पेंगत होता.

शिट्टी झाली. मास्तरांना वाटलं होतं, आता स्मशानशांतता. तसं काही झालंच नाही. मैदान बोलत होतं. बुटांचा धपधप आवाज, चेंडूवर पाय बसल्याचा ठण्ण, आणि त्या सगळ्यावर मुलांची बडबड. "मला, मला." "मागे आहे एक." "सोड, माझा आहे." "अरे, दे की." दातांना तारा लावलेली एक मुलगी कॅप्टन होती, ती तर संपूर्ण संघाला नावं घेऊन हलवत होती. हे सगळं इतके दिवस चालू होतं आणि आपल्याला ऐकूच आलं नव्हतं, याचं मास्तरांना नवल वाटलं. मजाही वाटली. गोळी एका गालातून दुसऱ्या गालात गेली.

मग कॅप्टन ओरडली, "रिमोट, पुढे जा."

हा कोण रिमोट, म्हणून मास्तर बघू लागले. नवीन भरती असेल. थोड्या वेळाने मधल्या फळीतल्या एका मुलाने चेंडू लांब टाकला आणि ओरडला, "रिमोट, तुझा." चेंडू गेला चिकूकडे.

मास्तरांना वाटलं, मुलाचा नेम चुकला.

चिकूने चेंडू येताना पाहिला, आणि चेंडू पायाशी यायच्या आत मान वळवून दोरीकडे पाहिलं. थेट मास्तरांकडे. तोंड अर्धवट उघडं, भुवया वर. चेंडू त्याच्या बुटाला लागून बाहेर गेला. मास्तरांचा हात आपोआप डावीकडे झाला. रेफरी म्हणजे एक कॉलेजातली मुलगी, ती पळत पळत येऊन थांबली. "काका, हातवारे नाहीत. ही एक समज." मास्तरांनी हात खिशात घातले.

पुन्हा तेच. चेंडू आला की चिकूची मान दोरीकडे. दर वेळी. चेंडू यायचा उजवीकडून आणि पोरगं बघायचं डावीकडे, बापाकडे. मास्तरांनी मनात म्हटलं, अरे चेंडूकडे बघ, माझ्याकडे काय बघतोस, मी काय चेंडू आहे? पण म्हणणार कसं. एकदा तर चिकू गोलसमोर मोकळा होता, अगदी कुणीच नाही आजूबाजूला, नुसता पाय लावायचा. तो थांबला. पाहिलं. समोरच्या संघाच्या मुलाने चेंडू काढून घेतला आणि तिथून तो थेट दुसऱ्या टोकाला गेला, गोल झाला.

"झालं," मधल्या फळीतला तो मुलगा कमरेवर हात ठेवून म्हणाला. आवाज मुद्दाम वाढवलेला नव्हता. वाढवायची गरजच नव्हती, सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. "रिमोटची बॅटरी गेली आज."

दोन-तीन मुलं हसली. दोरीमागे कुणी हसलं नाही, पण मास्तरांच्या डावीकडच्या एका बाईंनी ओठ घट्ट मिटले आणि बुटांकडे पाहिलं. पलीकडचा एक जण उगाच खोकला. मास्तरांच्या लक्षात आलं की दोरीमागच्या कुणालाच आश्चर्य वाटलेलं नाही. नवीन भरती कोण, हे या सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती त्यांच्याकडेच बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर ऐकल्याचा धक्का नव्हता. त्यांना ऐकू आलं का, एवढंच ती बघत होती.

पायाखालची जमीन सरकते म्हणतात, ते मास्तरांना नुसतं ऐकून माहीत होतं. गोळी घशात अडकली. खोकायलाही धीर होईना, खोकला हाही आवाजच.

मध्यंतरात पालकांनी जागा सोडायची नव्हती, पण बोलायला हरकत नव्हती.

"तुला माहीत होतं," मास्तर बायकोला म्हणाले.

"हो."

"कधीपासून?"

"मागच्या हंगामापासून."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"मी तीनदा सुरुवात केली. तिन्ही वेळा तू मला सांगायला लागलास की त्याने डावा पाय कसा वापरायला हवा."

दुसरा अर्धा सुरू झाला. चिकू मैदानात उतरतानाही दोरीकडे बघतच उतरला. त्या बघण्यात राग नव्हता, तक्रार नव्हती, आणि तेच मास्तरांना सहन होईना. तो नुसता विचारत होता, आता काय करू. मास्तर वळले. दोरीखालून वाकून निघाले आणि कपडे बदलायच्या पत्र्याच्या खोलीमागे, जिथे पाण्याची मोठी टाकी होती, तिच्या आडोशाला जाऊन उभे राहिले. तिथून मैदान दिसत नव्हतं. मैदानावरून तेही दिसणार नव्हते.

टाकीच्या गार भिंतीला टेकून ते ऐकत राहिले. धपधप, ठण्ण, शिट्टी. मग एक मोठा कल्ला, मग शांतता, मग कुणीतरी रडतंय असं वाटलं, मग पुन्हा शिट्टी. खेळ सुरू झाला. आणि आता एक नवीन आवाज ऐकू येऊ लागला. खणखणीत, थोडा फाटका. "डावीकडे मोकळा आहे तो. कॅप्टन, मागे ये. मागे. हां, तिथेच. सोड, सोड, मी घेतो." धप्प. "जा पुढे सगळे, जा."

मास्तरांना बरं वाटलं तो आवाज ऐकून. कुणाचं पोरगं आहे, त्यांनी मनाशी म्हटलं, याला खेळ कळतो. याचा बाप नशीबवान. आवाज थांबत नव्हता. घाबरलेला नव्हता, कुणाला विचारत नव्हता. चेंडू कुठून येणार ते त्याला आधी दिसायचं आणि तो सांगायचा, आणि इतर मुलं ऐकत असावीत, कारण कुणी उलट बोलत नव्हतं.

बायको टाकीमागे आली. तिने हात धरला.

"चल, बघायला ये."

"नको. मी असलो की तो माझ्याकडेच बघतो. कीपर कोण आहे त्यांचा? छान बोलतोय."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. "आपल्या कीपरच्या नाकावर चेंडू बसला. रक्त आलं. चिकू गेलाय गोलमध्ये."

"चिकू?"

"तोच बोलतोय मघापासून."

मास्तरांनी कान दिला. "माझा," तो आवाज ओरडला. त्यांना तो तरीही ओळखता येईना. चिकूचा आवाज त्यांना माहीत होता: बाबा पाणी दे, बाबा झोप आलीये, हो बाबा. हा तो नव्हता. स्वतःच्या पोटचं पोर, अकरा वर्षं एका छपराखाली, आणि भिंतीआडून आवाज ओळखता येत नाही. मास्तरांनी टाकीला हात टेकला.

सामना चिकूचा संघ हरला, पण त्या एका गोलानेच. दुसऱ्या अर्ध्यात एकही बसला नाही. मुलं हात मिळवून पांगली. मास्तर आडोशातून बाहेर आले तर सचिवबाई रिकामी बरणी काखेत घेऊन त्यांचीच वाट बघत होत्या.

"मास्तर, एक विचारायचं होतं. चिकूच्या बदलीला तुमची हरकत नाही ना? आजची शेवटची मुदत आहे. पालकांची सही लागते."

"कसली बदली?"

बाईंचा चेहरा उतरला. "तुम्हाला बोलला नाही तो? दुकानात आला होता, मागच्या आठवड्यात. नदीपलीकडच्या संघाला कीपर हवाय. म्हणाला, मी जातो."

"तो कीपर नाहीये. तो पुढे खेळतो."

"बुधवारच्या सरावाला तो कायम गोलमध्येच उभा असतो, मास्तर. कोचनेच सांगितलं मला." बुधवारी मास्तरांचे क्लास उशिरापर्यंत असायचे. त्या सरावाला ते कधी आलेच नव्हते. बाई क्षणभर थांबल्या, पण औषधविक्या माणसाला अर्धी मात्रा देता येत नाही. "त्यांचे सामने रविवारी सकाळी असतात. मी त्याला म्हटलं, अरे, रविवारी सकाळी तर तुझ्या बाबांचे क्लास असतात, त्यांना यायला जमणार नाही. तर म्हणाला, हो, माहितीये."

बाईंना वाटलं, मास्तर रागावले. ते रागावले नव्हते. तोंडात मारल्यावर माणूस आधी दात जागेवर आहेत का ते बघतो, राग नंतर येतो.

बायको दुकानात गेली. मास्तर आणि चिकू त्या क्लासच्या गाडीत बसले, छतावर "शिकाऊ" लिहिलेली पाटी होती तीच. चिकू मागे बसला. मास्तरांनी किल्ली फिरवली नाही.

"रिमोट कोण म्हणतं तुला?"

"सगळेच."

"राग नाही येत?"

"आधी यायचा."

"मग मला सांगायचं नाही का रे?"

आरशात चिकूचा चेहरा दिसत होता. तो बुटांना लागलेला चिखल नखाने काढत होता. "सांगितलं होतं."

"कधी?"

"इथेच, गाडीत. मी म्हटलं, मुलं चिडवतात. तू म्हणालास, गोल मार म्हणजे तोंडं बंद होतील त्यांची. मग मारला मी गोल."

"मग?"

"मग म्हणाले, रिमोट चांगला आहे, एकच बटण दाबलं की चालतो."

मास्तरांना ते आठवलं. गोल मार हे ते हसत हसत म्हणाले होते, आणि गियर टाकून दुसरंच काहीतरी बोलायला लागले होते. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. पोरगं काय म्हणालं होतं, ते कानात शिरलंच नव्हतं.

"आणि गोलकीपर का?" त्यांनी विचारलं. त्यांचा आवाज इतका खाली गेला होता की चिकूने मान वर केली.

"तिथे बरं असतं," चिकू म्हणाला. मग बराच विचार करून, समजावून सांगितल्यासारखं, "चेंडू येतो तेवढ्या वेळात कुणाला काही सांगताच येत नाही बाबा. सांगून होईपर्यंत आलेला असतो तो."

मास्तर स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून राहिले. एक बाई मूल घेऊन रस्ता ओलांडून गेली. समोरच्या दुकानाचं शटर कुणीतरी वर ओढलं. मग ते उतरले, फाटकाशी गेले आणि सचिवबाईंकडे सही करून आले. सही वाकडी आली.

त्यानंतर मास्तर काही दिवस असे गप्प झाले की शिकाऊ लोक घाबरले. एक मध्यमवयीन परिचारिका गाडी शिकायला यायची, तिने गाडी मागे घेता घेता सरळ खांबावर नेली. मास्तर शेजारी बसून बघत होते.

"तुम्ही काही बोललाच नाहीत," ती म्हणाली.

"तुम्हाला दिसला नाही खांब?"

"दिसला. पण मला वाटलं, तुम्ही बोलत नाही म्हणजे जागा असणार."

मास्तरांनी फुटलेला मागचा दिवा पदरच्या पैशांनी बदलला. कुठे बोलायचं आणि कुठे नाही, हे गाडीत निदान खांबावरून कळतं, असं ते बायकोला म्हणाले. ती म्हणाली, "घरातही कळतं. फक्त दिवा फुटत नाही." दोघं थोडा वेळ हसली. तेवढ्या दिवसांत पहिल्यांदाच.

रविवारी सकाळी बायको चिकूला घेऊन नदीपलीकडे जायची आणि मास्तर चौकाचौकातून क्लच-ब्रेक करत फिरायचे. किती गोल बसले हे ते विचारायचे. बाकीचं विचारायला जीभ वळवळायची, पण ते घोटभर पाणी प्यायचे. चिकू कधी सांगायचा, कधी नाही. नदीपलीकडच्या मुलांनी त्याला अजून कुठलं टोपणनाव ठेवलेलं नाही, नुसतं नावानेच हाक मारतात, एवढं बायकोने आपण होऊन सांगितलं.

शेवटची फेरी मैदानाच्या डागडुजीमुळे शनिवारवर गेली. शनिवारी मास्तर मोकळे. त्यांनी दोन दिवस ते मनात ठेवलं, मग जेवताना विचारलं, "शनिवारी येऊ का मी?"

चिकूने घास चावून संपवला. बायको ताटाकडे बघत होती. नाही म्हणाला तर काय, याची मास्तरांनी तयारी केली होती, पण ती तयारी कितपत टिकेल याचा भरवसा नव्हता.

"ये," चिकू म्हणाला. "लांब उभा राहा पण."

ते समोरच्या टोकाच्या झेंड्यापाशी उभे राहिले. ही काही शांत फेरी नव्हती. सगळे पालक घसा फोडून ओरडत होते, मास्तर सोडून. एवढ्या लांबून चिकू हिरव्या शर्टातला एक ठिपका होता. ठिपका हात पसरायचा, पुढे यायचा, बोट दाखवून ओरडायचा. सामना संपत आला असताना एक अगदी साधा चेंडू, सरपटत आलेला, त्याच्या दोन्ही पायांमधून आत गेला.

आता तो बघणार. ते चक्क टाचा उंचावून उभे राहिले, त्याला आपण दिसावं म्हणून की दिसू नये म्हणून, ते त्यांना नंतरही सांगता आलं नसतं. चिकू जाळीत वाकला, चेंडू काढला, मध्यावर लाथाडला आणि पुढच्या पोरांना हाताने पुढे जा म्हणून खुणावलं. त्याने कुठेही पाहिलं नाही. मास्तर हळूहळू टाचा खाली टेकवून उभे राहिले.

चिकू आला तो चिखलाने माखलेला, हातमोजे दातांनी ओढत.

"गुडघे उशिरा वाकवले मी," तो म्हणाला.

"हो का?" मास्तर म्हणाले.

"मग काय. दिसलं नाही का तुला?" आणि वाटेत गाडीत पुढच्या सीटवर बसून त्याने ते सगळं त्यांना पहिल्यापासून सांगितलं, चेंडू कुठून आला, वळला कसा, आणि गुडघे नेमके कधी वाकवायचे असतात ते.